पाणी कुठपर्यंत आलं?

छोट्या धंद्याचं नियोजन प्रत्यक्षात कसं होतं हे पाहायचं असेल, तर नाशकात सकाळी मिसळीच्या टेबलाशी बसावं. सातपूरच्या शेडमध्ये नवं मशीन घ्यायचं की जुन्याचंच काम करून घ्यायचं, गंगापूर रोडचा गाळा भाड्याने घ्यायचा की विकत, द्राक्षाची छाटणी आत्ता की पाऊस उघडल्यावर, हे सगळे प्रश्न पापड आणि रश्श्याची दुसरी वाटी यांच्या दरम्यान निकाली निघतात. म्हणजे दसऱ्यावर ढकलले जातात. दसऱ्याला ते पाडव्यावर जातात. पंचांगातल्या साडेतीन मुहूर्तांनी किती धंदे सुरू झाले कोण जाणे, पण किती निर्णय अब्रूने लांबणीवर पडले याला गणती नाही.

जुन्या नाशकातला भांडी बाजार मात्र पावसाळ्यात वेगळा वागतो. तिथे निर्णय लांबत नाहीत, कारण निर्णयाची वेळ मारुतीने ठरवलेली असते.

गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती बाहेरगावच्यांना दैवत वाटतो. तो आहेच, पण नाशिककरांची ती पूर मोजायची पट्टीही आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे सरकारी खातं सांगतं, वर्तमानपत्रं छापतात, आपण गंभीरपणे मान डोलावतो. एक क्युसेक म्हणजे किती पाणी, हे विचारलं तर सगळे चहा मागवतात. पण ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागलं’ म्हटलं की शाळेतल्या पोरापासून सराफापर्यंत सर्वांना परिस्थिती समजते. आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं, तर मग समजण्यासारखं काही उरतच नाही. तो महापूर.

भांडी बाजारात माझ्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांची योजना कुठेही लिहिलेली नाही, पण दुकानातल्या नव्या पोरालाही ती पाठ असते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आलं की उधारीची वही माळ्यावर. मांडीला आलं की मिक्सरचे खोके. कमरेला आलं की कुकर आणि स्टील. तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळी, पराती शेवटी, आणि जमलं नाही तर राहिलं. “तांब्याला पाण्याचं काय? धुतलं की पुन्हा काचेत,” काका म्हणतात. “वही भिजली तर अर्ध्या गावाला आनंद होईल.”

व्यवस्थापनाच्या वर्गात नुकसान, शक्यता आणि प्राधान्यक्रम यांचे चौकोन आखून जे शिकवतात, ते सगळं या क्रमात आहे. पलीकडच्या कापडवाल्याचा क्रम वेगळा, कारण कापडाला धुवून पुन्हा नवं करता येत नाही. तो मारुतीचे पाय भिजले की हलतो. ज्याच्या दुकानाचं जोतं दोन पायऱ्या उंच, तो आणखी निवांत. मारुती सर्वांना एकच, निशाणी मात्र ज्याची त्याची. शेजाऱ्याची निशाणी उसनी घेतली की एक तर फुकट धावपळ होते, नाही तर दुकानात मासे.

या काकांचा पुतण्या एमबीए झाला आणि दुसऱ्या दुकानाची योजना लॅपटॉपवर घेऊन आला. आडव्या रंगीत पट्ट्यांचा तक्ता होता. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी रूढ केलेला हा तक्ता आजही कोणत्याही योजनेला खात्रीलायक चेहरा देतो. हिरवी पट्टी फर्निचरची, निळी जाहिरातीची, पिवळी कर्जाची. काकांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला. मग म्हणाले, “छान आहे रे. पण पाणी कुठपर्यंत आलं की दुकान बंद करायचं, ते यात कुठे आहे?”

ते नव्हतं. सुरुवात कधी, हे प्रत्येक तक्त्यात असतं. माघार कधी, हे लिहिणं अपशकुनी वाटतं. म्हणून ते लिहायची वेळ येते तेव्हा माणूस पाण्यात उभा असतो, आणि पाण्यात उभा असलेला माणूस नेहमी म्हणतो की आता ओसरेल. घरात बरीच वादावादी होऊन ठरलं: दिवाळीपर्यंत दुकानाने स्वतःचं भाडं काढलं नाही, तर गाळा सोडायचा, आणि हे पुतण्यानेच जाहीर करायचं, काकांनी नाही. भाडं गणपतीतच निघालं, तांब्याच्या पाण्याच्या बाटल्यांवर. पट्ट्यांमध्ये बाटल्यांचा उल्लेखही नव्हता.

मोठ्या उडीआधी लहान उडी मारून पाहावी, हेही नाशिक जिल्ह्याला नवीन नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण परतल्यावर त्यांनी लगेच हरिश्चंद्राचा मुकुट घडवायला टाकला नाही. आधी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची चित्रं रोज थोडी थोडी टिपली आणि पैसे घालणाऱ्याला पडद्यावर रोप उगवून दाखवलं. भांडवल त्यानंतर आलं, सरस्वतीबाईंचे दागिनेही लागले, आणि १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पुढे १९१८ मध्ये नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा होता, नाव होतं, पण भागीदारांशी बिनसलं आणि दादासाहेब काही काळ काशीला निघून गेले. वाटाण्याच्या वेळी शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. कंपनीत तो होता, आणि माझ्या मते बिनसायला तेवढं पुरतं.

आता गावात सगळ्यांच्या तोंडी सिंहस्थ कुंभमेळा आहे. बारा वर्षं आधी तारीख माहीत असलेला हा बहुधा जगातला एकमेव हंगाम, तरी त्याचा अंदाज चुकतो. २०१५ च्या पहिल्या पर्वणीसाठी, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवसासाठी, दुकानदारांनी माल भरून ठेवला होता. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी विसरण्यासारखी नव्हती, त्यामुळे पोलिसांनी बंदोबस्त कडक ठेवला, आणि ते समजण्यासारखंच होतं. पण भाविकांना लांबलांबून चालावं लागलं, गर्दी अपेक्षेपेक्षा कमी झाली आणि बाजारपेठ नाराज झाली. पुढच्या पर्वणीला निर्बंध सैल झाले नि गर्दी लोटली. पहिल्या पर्वणीनंतर घाबरून ज्याने माल स्वस्तात काढला, त्याने ती गर्दी रिकाम्या फळीशेजारी उभं राहून पाहिली असणार.

या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवती अमावास्येला जाहीर झालं आहे. २०१६ साली गोदावरीला मोठा पूर आला, तोही २ ऑगस्टलाच. तेव्हा गोदेचं पाणी घरी न्यायच्या गडूंची ऑर्डर देणाऱ्यांनी दोन गोष्टी आजच वहीत लिहून ठेवाव्यात: उरलेला माल परत घ्यायला कोण तयार आहे, आणि मध्यरात्री तो हलवायची वेळ आली तर गोदामाची किल्ली कोणाकडे असेल.