ताळमेळ आणि तालमेश

बुखारेस्टला दोन वर्षं राहायचं ठरल्यावर ऑफिसनं मला रोमानियन भाषेच्या शिकवणीला घातलं. शिकवणाऱ्या बाई शिस्तीच्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी एक कागद हातात ठेवला. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचे रोमानियन जोडीदार. वरती गोंधळाचे शब्द, खाली शांततेचे. गोंधळाचे बावीस, शांततेचे सात. मी पट्टी घेऊन आणखी एक रेघ मारली आणि मराठीसाठी तिसरा रकाना आखला. पुढं जे काही झालं ते या रकान्यामुळे झालं.

सुरुवात सरळ होती. केऑसला हाओस, डिसऑर्डरला देझोर्दिने. हे बाहेर जायच्या कपड्यातले शब्द. घरच्या कपड्यातले त्यांच्याखाली होते. हाराबाबुरा! नुसतं म्हटलं तरी फडताळातून भांडी कोसळल्याचा भास होतो. मग आला तालमेश-बालमेश. आपल्याकडे ताळमेळ म्हणजे सगळं कसं जुळलेलं; यांच्याकडे तालमेश-बालमेश म्हणजे मोजा साखरेच्या डब्यात आणि पासपोर्ट फ्रीजवर. मी तिसऱ्या रकान्यात 'ताळमेळ, पण पडलेला' असं लिहिलं. बाईंनी विचारलं, हे काय? मी समजावून सांगितलं. त्यांना फारसं कळलं नसावं, कारण त्यांनी पुढचा शब्द घेतला.

पुढचा शब्द मेस. माझ्या पिढीला मेस म्हणजे महिन्याच्या बोलीवर मिळणारी पोळी-भाजी. बाई म्हणाल्या, अर्थ तोच होता. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा मेस म्हणजे पानात वाढलेलं अन्न. मग कालवलेलं अन्न, मग अन्न गेलं आणि काला उरला. हॉस्टेलवर राहिलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती वेगळी सांगावी लागत नाही. रोमानियन माणूसही पसारा शोधायला स्वयंपाकघरातच जातो. सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेल्या रश्शाला गिवेच म्हणतात, आणि कशाचा कशाला पत्ता नसलेल्या कामालाही गिवेचच. दमून कामातून गेलेला माणूस स्वतःला 'वार्झा' म्हणवतो. वार्झा म्हणजे कोबी. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ऑफिसात अर्धा मजला कोबी असायचा.

पण कागदावरची माझी लाडकी जोडी म्हणजे बेडलम आणि बालामुक. लंडनमध्ये 1247 साली बेथलेहेमच्या मेरीमातेच्या नावानं एक मठ निघाला. पुढं तिथं वेड्यांना ठेवायला लागले. बेथलेहेमचं बोलण्यात बेडलम झालं आणि बेडलम म्हणजे कानठळ्या बसवणारा कल्लोळ. ज्या गावी म्हणे त्या शांत रात्री प्रभूचा जन्म झाला, त्या गावाच्या नावाची ही अवस्था. आणि बालामुक? बुखारेस्टच्या उत्तरेला त्याच नावाचा मठ आहे. तिथंही एकेकाळी वेड्यांना ठेवत. आज कुठलीही रोमानियन आई मुलांच्या खोलीच्या दारात उभी राहून 'बालामुक!' असं ओरडते. दोन भाषा, मध्ये अख्खं युरोप, एकमेकींना न विचारता दोघींनी देवाचं घर घेतलं, त्याचं वेड्यांचं घर केलं आणि शेवटी त्यात आपला पसारा ठेवला.

आपण ठाण्याला नाहीतर येरवड्याला पाठवायच्या गोष्टी करतो, पण ठाणं अजून सामान्यनाम झालेलं नाही. तिसऱ्या रकान्यात काय लिहावं म्हणून पेन चावत बसलो होतो, आणि एकदम उजेड पडला. गोंधळ! लग्न झालं की कुलदेवतेचा घालतात तो. दिवटी, संबळ, तुणतुणं आणि रात्रभर आईचा उदो उदो. म्हणजे आपणही शेवटी देवाच्या दारातूनच शब्द उचलला. फरक एवढाच की आपल्याकडे गोंधळाला वाजतगाजत बोलावतात, सुपारी देतात आणि वर पुण्यही लागतं.

आता कागदाचा खालचा भाग. पहिलाच शब्द देवनागरीत लिहिला आणि अडलो. इंग्रजीत शांत म्हणजे 'काम'. माझ्या आयुष्यात काम आणि शांतता एका ओळीत कधी आली नव्हती. बाईंनी मूळ सांगितलं: ग्रीकमध्ये त्याचा पूर्वज म्हणजे भाजून काढणारा उष्मा. उन्हाच्या तडाख्यात सगळे कामधंदा टाकून सावलीला पडतात, पान हलत नाही, ती शांतता. मी सोलापूरचा. बाकी वर्ग वहीत लिहून घेत होता. मला मात्र मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ, ओला पडदा आणि घोरणारे आजोबा दिसत होते.

रोमानियात ती दुपारची शांतता कायद्यात लिहून ठेवलेली आहे. 1991 सालचा कायदा, क्रमांक 61. रात्री दहा ते सकाळी आठ आणि दुपारी एक ते दोन या वेळात शेजाऱ्याला त्रास होईल असा आवाज करायचा नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यात तसा कागदच चिकटवला होता. बायको पुण्याची. तिला फोनवर हे कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, "एकच तास?"

कागदावर मधोमध लिनिश्ते होता, शांततेचा रोजचा, वापरून गुळगुळीत झालेला शब्द. त्याखाली तिह्ना. हा मला फार आवडला. तिह्ना म्हणजे मागं कुणी लागलेलं नसताना मिळणारा निवांतपणा. जेवताना कुणी कटकट केली तर रोमानियन माणूस म्हणतो, मला जेवणाची तिह्ना लाभली नाही. आपलं 'अंगी लागलं नाही' ते हेच. आणि शेवटचे दोन शब्द वाचून मी बाकावरून उठलोच: हुझूर आणि ताबिएत. हुझूर म्हणजे ददात नसलेलं सुखासीन आयुष्य. ताबिएत म्हणजे माणसानं स्वतःच्या सुखासाठी लावून घेतलेली सवय, चार वाजताची कॉफी त्याच कपातून, त्याच खिडकीशी. आपण मैफल तब्येतीत ऐकतो ना, तीच ही तब्येत. तुर्की सुलतानाचा वरचष्मा यांच्यावर काही शतकं होता, आपल्याकडे फारसी दरबार होते, त्यामुळे एकाच पोत्यातले दाणे दोन्ही घरांत सांडले. पुढं दोन्ही घरांनी झाडूनही पाहिलं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. यांनी 1860च्या सुमारास सिरिलिक लिपी टाकून रोमन धरली आणि फ्रेंच शब्दांच्या गाड्याच्या गाड्या उतरवून घेतल्या. तरी दुश्मान इथं दुश्मनच आहे, मायदान मोकळी जागाच आहे, आणि 'केफ नाही' म्हणजे आज कशाची लहर नाही.

एवढं जमल्यावर माणसाला जरा जास्तच धीर येतो.

रविवार होता. सवा वाजला असेल. मी कुकर लावला होता, तुरीची डाळ, चार शिट्ट्यांचा हिशेब. दोन झाल्या आणि दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या आजी, अंगात घरचा झगा, हातात चष्मा, चेहरा पांढराफटक. बाँब की गॅस, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. आता त्यांना सांगायचं होतं की संपलं, आता आराम आहे. लिनिश्ते ऐन वेळी आठवेना. पण दुश्मन चालतो, मैदान चालतं, तर हिंदीतली राहत का चालू नये? छातीवर हात ठेवून, वाकून, मी म्हणालो, "आकुम राहात, दोआम्ना!" आता राहत, बाई.

त्या म्हणाल्या, "पोफ्तीम?"

पोफ्तीमचा 'या, घ्या' हा एकच अर्थ मला शिकवला होता. 'काय म्हणालात?' हा दुसरा अर्थ पुढच्या धड्यात होता. मला वाटलं, आजी आग्रह करतायत. म्हणून मी आणखी मोठ्यानं, शब्द सुटा सुटा करून म्हणालो, "रा-हात!"

आजी वळल्या आणि जिना उतरून गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या तेव्हा हातात एक पुठ्ठ्याचा डबा. आत गुलाबी चौकोनी वड्या, वर पिठीसाखर. डब्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "राहात." मग माझ्या तोंडाकडे बोट दाखवून पुन्हा "राहात", आणि दोन बोटांनी नाक दाबलं. उलगडा संध्याकाळी झाला. या मिठाईचं मूळ नाव राहत-लोकुम, म्हणजे घशाला आराम. तुर्कांनी त्यातला लोकुम ठेवला, रोमानियनांनी राहत घेतली. आणि मग का कोण जाणे, सकाळी पोट साफ झाल्यावर जे मागे राहतं, त्यालाही बोलण्यात तेच नाव पडलं. म्हणजे रविवारी भर दुपारी, कायद्यानं ठरवून दिलेल्या शांततेच्या वेळात, सत्तरीच्या बाईला मी दारात उभं करून दोनदा ते म्हणालो होतो.

मी "या, बसा" असं खुणेनं म्हणालो. त्या आत आल्या आणि थबकल्या. खुर्चीवर आठवड्याचे कपडे, पलंगावर लॅपटॉप आणि कांदे, जमिनीवर तीन रकान्यांचा कागद.

"वाय, इन चे हाल!"

दोन महिन्यांत वहीत न बघता कळलेलं हे पहिलं रोमानियन वाक्य. काय हे हाल! आमची आई अगदी याच सुरात म्हणते.

आजींनी कपडे उचलून पलंगावर टाकले, खुर्चीत बसल्या, एक वडी मला दिली, एक स्वतः घेतली. मी कुकरकडे बघायला लागलो तशी त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर टिचकी मारली. दोनला दहा कमी होते. "स्ताई लिनिश्तित," त्या म्हणाल्या, स्वस्थ बस. बसलो. पिठीसाखर पँटवर सांडली.

दोन वाजून एक मिनिट झालं. आजी गॅसकडे मान उडवून म्हणाल्या, "हाय!" म्हणजे चल, लाव आता. डाळ पुन्हा रटरटायला लागली. शिट्टी झाली तशा त्या खुर्चीतच दचकल्या, पण बोट वर करून म्हणाल्या, "त्रेई." पुढची झाल्यावर "पात्रु", आणि स्वतःच उठून त्यांनी गॅस बंद केला.