पेन्सिल धरायला कोण शिकवणार?

सगळं मोबाइलवर आहे, मग शाळा कशाला, असं म्हणणाऱ्यांनी एकदा पहिलीच्या वर्गात जाऊन बसावं. ‘ब’ काढताना पोराची पेन्सिल अडते. बाई मागून येतात, त्याच्या मुठीवर हात ठेवून गोल पुरा करून घेतात आणि पोटातली तिरकी रेघ त्याची त्याला मारायला लावतात. चुकली की तिथल्या तिथे दिसते. शेजारच्याच्या पाटीत डोकावूनही तो शिकतो. व्हिडिओतल्या बाईंना यातलं काहीच दिसत नाही. व्हिडिओ पुढे जातो, पोर मागे राहतं.

मोबाइलवर शाळा चालवण्याचा प्रयोग आपण करून बसलोय. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपं लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणून उपक्रम निघाला, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली, गुरुजींनी व्हॉट्सॲपवर स्वाध्याय पाठवले. मनापासून केलं. पण कित्येक घरांत फोन एकच, आणि तो बापाबरोबर कामावर. चौथीपर्यंतचे वर्ग भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. ‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीवरच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्केच उरली. शाळा भरू लागल्या आणि २०२४ मध्ये आकडा पुन्हा २७.१ वर आला. (२७ हाही लाज वाटावी असाच आकडा आहे, पण ते भांडण शाळा सुधारण्याचं आहे, शाळा गुंडाळण्याचं नाही.)

तंत्रज्ञानाशी वैर नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पण त्या कोडमागे गुरुजी उभे होते.

आणि खिचडी? पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. ती खिचडी कुठल्या ॲपमधून वाढणार?

तरीही वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा ‘समूह शाळे’त मिसळण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा मात्र शिक्षणहक्काचा नियम आहे. उद्या तुमच्या वाडीवरची शाळा हलवायची आणि वर ‘ऑनलाइन आहेच की’ म्हणायचं ठरलं, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा आणि विरोध लेखी नोंदवा.