पंचतारांकित सफारी

बीदरमधल्या मैलूर क्रॉसच्या विजेच्या खांबावर, कोचिंग क्लास आणि मूळव्याधीच्या जाहिरातींच्या मधोमध, एक रंगीत पत्रक चिकटलंय. 'एक रात्र, दोन दिवस! खळाळते* धबधबे, मुक्त* वन्यप्राणी, तज्ज्ञ* गाईड, एसी* गाडी आणि घरगुती* वातावरण!' मोजून घ्या. पाच वस्तू, पाच चांदण्या. पंचतारांकित म्हणतात ते हेच असावं.

चित्रात दूधसागर कोसळतोय आणि त्याच्या पायथ्याशी पट्टेदार वाघ पाणी पितोय. सहल जाणार चिंचोळी, नळदुर्ग, नान्नज आणि येडशीला. गोव्याच्या हद्दीवरचा धबधबा आणि कुठल्या तरी परक्या जंगलातला वाघ यांची सोयरीक एका डीटीपी सेंटरात जुळलेली दिसते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. लग्नपत्रिकेवरचा गणपती मांडवात जेवायला येत नाही, एवढं आम्हाला कळतं. आमचं भांडण आहे ते चांदणीशी.

पत्रकाच्या तळाशी, भिंग लावून वाचावा असा, चांदण्यांचा खुलासा आहे. एसी चढावर बंद राहील. गाईड उपलब्धतेनुसार. घरगुती वातावरणात वाद झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत. म्हणजे लिहिणाऱ्याला घराचा अनुभव दांडगा आहे. धबधब्याचं पाणी पावसावर अवलंबून. प्राण्यांचं दर्शन निसर्गाच्या इच्छेवर. आणि सर्वात शेवटी, ठळक, तांबड्या, भिंगाशिवाय दिसणाऱ्या अक्षरांत: अॅडव्हान्स परत मिळणार नाही. या एका ओळीला चांदणी नाही. विधिमंडळात तारांकित प्रश्न आला की मंत्र्याला निदान उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. इथे तारा लागला की उत्तर द्यायची जबाबदारीच संपते.

आता 'निसर्गाची इच्छा' ही काय भानगड आहे ते बघू. आमच्या भागातले धबधबे पावसाळी. चिंचोळीच्या जंगलातला एत्तीपोतला असो की नळदुर्गच्या किल्ल्यातले नर आणि मादी, आषाढ-श्रावणात जोर, शिमग्याला खडक. उलट जनावर बघायचं तर उन्हाळा. पानं झडतात, ओढे आटतात, उरल्यासुरल्या पाणवठ्यावर सगळ्यांना यावंच लागतं. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजतात ते त्यासाठीच. पावसाळ्यात रान माजतं, जागोजागी डबकी भरतात, जनावराला तुमच्या रस्त्यावर यायचं कारणच उरत नाही. ताडोबाच्या गाभ्यातली सफारी तर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंदच असते. दूधसागरचीही तीच गत: धबधबा ऐन भरात असतो तेव्हा जीप बंद. २०२३ च्या जुलैत लोक रुळांवरून चालत तिथे निघाले, तर त्यांना ओळीत उभं करून उठाबशा काढायला लावल्या. व्हिडिओ घरोघरी पोचला. सारांश, पाणी असतं तेव्हा जनावर नाही, जनावर असतं तेव्हा पाणी नाही, आणि दोन्हींचे पैसे एकाच पावतीवर. निसर्गाची इच्छा दरवर्षी पंचांगासारखी आधी छापून येते. आयोजकांना ती वाचता येत नाही असं नव्हे. वाचता येते म्हणूनच चांदणी आहे.

मग या सहलीत दाखवतात तरी काय? इथे गाईडचं कसब लागतं. आमच्याकडचा गाईड एकाच क्रियापदावर दोन दिवस काढतो. नळदुर्गला तो कोरड्या दगडाकडे बोट करतो: "पानी इधर सेच गिरता, साब." लोक दगडाचा फोटो काढतात. खरं म्हणजे नळदुर्गात सांगण्यासारखं किती आहे! इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात बोरी नदी वळवून किल्ल्याशी आणली, तिच्यावर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल काढला. वरून दोन धारा पडत असताना आत बसलेला माणूस कोरडा राहतो. म्हणजे हा धबधबा मुळात माणसाने बांधलेला आहे. पण आदिलशाही इंजिनिअरांनी चांदणी न लावता केलेलं काम सांगायला इतिहास वाचावा लागतो. "इधर सेच गिरता" याला काहीच वाचावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी नान्नज. सोलापूरजवळचं माळढोक अभयारण्य, १९७९ साली जाहीर झालेलं. आता एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते, एवढी त्याची ददात. गाईड गवताकडे बोट करतो: "इधरच बैठता था." लोक गवताचा फोटो काढतात. चिंचोळीत बोट झुडपाकडे: "कल शाम कू इधरच था, हौ." काय था, ते सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "जनावर." गिरता, बैठता, कल था. उपनिषदांतल्या ऋषींनी ब्रह्माचं वर्णन 'हे नव्हे, ते नव्हे' असं करून ठेवलंय, आमचा गाईड त्याच परंपरेतला. फक्त ऋषी माणशी दर आकारत नसत आणि वर टीप मागत नसत. गंमत म्हणजे सहलीहून आलेल्या कुटुंबाच्या फोनमध्ये साडेतीनशे फोटो असतात. दगड, गवत, झुडूप, मध्ये उभे असलेले काका, आणि बोट. सगळ्यात स्पष्ट आलेलं असतं ते बोट. आमच्या एका मेहुण्यांनी हे फोटो टीव्हीला जोडून पाहुण्यांना दाखवले. पाहुणेही समजूतदार. प्रत्येक झुडपाला "वा!" म्हणाले.

चिंचोळीवर हा अन्यायच आहे. २०११ साली अभयारण्य झालं, सुमारे १३५ चौरस किलोमीटर, चंद्रंपळ्ळीच्या धरणाचं पाणी, लाल माती, सागाचं आणि चंदनाचं रान. तिथे लांडगा आहे, तरस आहे, खोकड आहे. वाघ नाही. लांडगा, तरस ही मंडळी दिवस मावळल्यावर बाहेर पडणार आणि सहलीची गाडी दिवस मावळायच्या आत ढाब्यावर पोचणार. शिवाय तरस बघायला पैसे कोण देतो? पत्रकावर तरसाचं चित्र छापून बघा, मैलूर क्रॉसवर कुत्रं थांबणार नाही. लोकांना पट्टे पाहिजेत. मग वाघाचं चित्र, वाघाला चांदणी, आणि मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता पंचवीस माणसं सीताफळाच्या झुडपाकडे डोळे फाडून बघतायत.

आणि खरोखरीचा वाघ? तो २०२४ च्या डिसेंबरात आला होता. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघून, पाचशेच्या आसपास किलोमीटर पायी तुडवत, येडशीच्या रामलिंग घाटात. एसी नाही, गाईड नाही, अॅडव्हान्स नाही. गोठ्यातल्या जनावरांवर पोट भरत राहिला. त्याला पकडायला तज्ज्ञ आले, बेशुद्ध करायच्या बंदुका आल्या, कॅमेरे लागले. तो काही हाती लागेना. ज्यांनी सफारीला हजारो रुपये मोजले त्यांना ताडोबात धुरळा दिसला, आणि ज्यांनी छदाम दिला नाही त्या बार्शीकडच्या गुराख्यांना वाघ दिसला. दर्शन निसर्गाच्या इच्छेवर, ते असं. येडशीचं नाव पत्रकात घुसलं ते बहुधा तेव्हाच. एकदा वाघ येऊन गेला की त्या गावाला कायमची चांदणी मिळते.

इथपर्यंत गंमत होती. पत्रकात पुढे 'मचाण स्टे' नावाची एक ओळ आहे, जादा दराने. रात्री मचाणावर झोपा, जंगलाचे आवाज ऐका, कंदील मिळेल. ही ओळ वाचली आणि आमचं डोकं सटकलं. बीदर तालुक्यात मचाणावर झोपणारे शेकडो लोक आहेत आणि त्यांना कोणी कंदील देत नाही. आमच्याकडच्या सफारीतलं खरं जनावर म्हणजे काळवीट. होन्नीकेरीच्या राखीव रानातून, माळावरून, शेतांतून त्याचे कळप हिंडतात. गाभा, बफर असली हद्द त्याला कोणी शिकवलेली नाही. देखणा प्राणी. पाठ काळी, पोट पांढरं, पिळदार शिंगं, आणि उधळला तर ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात. पेरणी होऊन मूग-उडीद हाताएवढा झाला की कळप त्यात उतरतो, पुढे सोयाबीन, तूर, मग हिवाळ्यात हरभरा. खातो थोडं, तुडवतो फार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे. हात लावला तर तुरुंग, आणि लावूही नये, आमचं त्याबद्दल म्हणणं नाही. म्हणून शेतकरी जागल करतो. चार बल्ल्यांवर पऱ्हाटीचा पाला टाकलेलं मचाण, हातात बॅटरी, शेजारी पत्र्याचा डबा. रात्रभर डबा बडवायचा, हाळी द्यायची, पहाटे अंगावर दव घेऊन घरी यायचं आणि सातला पुन्हा कुळवावर. ही त्याची नाईट सफारी. दर्शन हमखास, चांदणी नाही. वर्षानुवर्षं चालू आहे, कोणी पत्रक काढलं नाही. आणि एवढं करूनही पीक गेलं तर भरपाई आहे ना? आहे. कागदावर आहे. पहाणी आणा, फोटो आणा, पंचनामा करा. फोटोत नुसतं तुडवलेलं पीक चालत नाही, ते काळविटानेच तुडवलं हे दिसलं पाहिजे. म्हणजे शहरातल्या माणसाला दोन दिवसांत एक काळवीट फोटोत पकडता आलं नाही तर ती निसर्गाची इच्छा, आणि शेतकऱ्याला अमावास्येच्या रात्री अर्ध्या एकरात उधळलेला कळप फोटोत पकडता आला नाही तर तो त्याचा निष्काळजीपणा! ज्याच्या तुरीवर ही काळविटं पोसली, त्याला सफारीच्या तिकिटातला एक रुपया कधी पोचला असेल तर दाखवावा. तो आम्हाला दिसलेला नाही. बोट मात्र बऱ्याच जणांनी दाखवलंय.

डोकं सटकलंच आहे तर आणखी एक. दिसलं नाही म्हणून चिडलेला पर्यटक हे या भागातलं सर्वात घातक जनावर. चंद्रंपळ्ळीच्या काठावर स्पीकर लावून नाचणारा तोच, धरणाच्या दगडांवर बाटल्या फोडणारा तोच. बाटलीची काच तांड्यावरच्या पोरांच्या अनवाणी पायात जाते, पर्यटकाच्या बुटात नाही. आणि दिसलं म्हणजे तरी काय करतात? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं दिसली. पुढून जिप्सी, मागून जिप्सी, मध्ये वाघीण. वर्ष संपायच्या आत फोटो पाहिजे होता. प्रकरण हायकोर्टात गेलं. आपल्या चिंचोळीत वाघ नाही हे त्या वाघांच्या दृष्टीने बरंच आहे म्हणायचं.

काही लोक म्हणतील, रोजगार मिळतो, भागाचं नाव होतं, तुमचं काय जातं? रोजगाराला आमचा विरोध नाही. गाईड म्हणून तांड्यावरचा पोरगा घ्या. त्याला खोकडाचं बीळ माहीत आहे, तरसाचा माग माहीत आहे, कुठल्या नक्षत्रात कुठला ओढा वाहतो हे तोंडपाठ आहे. तो "इधरच बैठता था" म्हणणार नाही, तो म्हणेल, "आता काही नाही, आश्विनात या." पण आश्विनात या म्हणणारा गाईड कोणत्या आयोजकाला परवडेल? त्याला पाहिजे तो मे महिन्यात दगडाला धबधबा म्हणणारा.

तेव्हा पोरांच्या सुट्टीत हे पत्रक तुमच्याही खांबावर दिसलं तर अॅडव्हान्स देण्याआधी दोनच गोष्टी विचारा: बोरीचं धरण सांडलंय का, आणि गाईड कुठल्या गावचा? उत्तरात समोरच्याने 'निसर्ग' हा शब्द काढला की पैसे खिशातच राहू द्या. त्यापेक्षा बीदरच्या झरणी नरसिंहाला जा. बोगद्यातून छातीएवढ्या पाण्यातून चालावं लागतं, पण शेवटी देव जागेवर असतो.