उमेदवार कोण, तेवढं सांगा

निवडणुकीबद्दल आमची तक्रार फार लहान आहे. पैसे वाटतात, जेवणावळी घालतात, रात्रीत माणसं फुटतात, या मोठ्या तक्रारी मोठ्या माणसांनी कराव्यात. आमचं म्हणणं एवढंच, की जिल्हा परिषदेला ज्याला मत द्यायचं तो माणूस कोण, हे मतदानाच्या आधी कळावं. नंतर कळतंच, पण तेव्हा त्याचा उपयोग नसतो.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या आटपाडी तालुक्यात माहितीची टंचाई आहे असं कुणी म्हणणार नाही. टंचाई पाण्याची होती. दिघंचीपासून करगणीपर्यंत आणि खरसुंडीच्या कमानीपासून थेट आमच्या वस्तीपर्यंत फलकच फलक आहेत. फलकाच्या वरच्या ओळीत देशाचे नेते, त्याखाली राज्याचे, त्याखाली जिल्ह्याचे, मग तालुक्याचे. तळाला ‘शुभेच्छुक’ या मथळ्याखाली गावातली पस्तीस-चाळीस पोरं, काळा गॉगल लावून, पोस्टाच्या तिकिटाएवढी. वरचे सगळे आम्हाला टीव्हीमुळे माहीत आहेत. खालचे सगळे आमच्यासमोर लहानाचे मोठे झाले. ओळखू येत नाही तो मधला एकच चेहरा. आणि नेमकं त्यालाच मत द्यायचं असतं.

त्या चेहऱ्याची माहिती दिलेली असते, नाही असं नाही. तो ‘आश्वासक’ असतो, ‘दमदार’ असतो, ‘सर्वसामान्यांचा हक्काचा माणूस’ असतो. ‘उच्चशिक्षित’ही असतो, पण काय शिकला आणि कुठवर शिकला हे लिहायला फलकावर जागा उरलेली नसते. नावापुढे आबा, तात्या, आण्णा, बापू, दादा यांपैकी काहीतरी असतंच. जिल्हा परिषदेच्या एकाच गटात दोन तात्या उभे राहिले, तर प्रचाराच्या रिक्षातला पोरगा ‘तात्यांचा विजय असो’ म्हणतो तेव्हा दोन्हीकडचे कार्यकर्ते टाळ्या वाजवतात. तेवढ्यापुरता सलोखा होतो.

यंदा या परिचयाला वेळ कमी पडला, असंही कुणाला म्हणता येणार नाही. सांगली जिल्हा परिषदेची आधीची निवडणूक फेब्रुवारी 2017 मधली. सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढे प्रभागरचना, इतर मागासवर्गीयांचं आरक्षण आणि कोर्टाच्या तारखा यांत वर्षं गेली आणि कारभार प्रशासकाने पाहिला. 6 मे 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. एवढा काळ आमच्याकडचे इच्छुक ‘भावी’ होते. भावी सदस्य, भावी सभापती. काहींचे फलक उन्हाने पांढरे पडले. त्यांनी नवे छापले आणि पुन्हा ‘भावी’च लिहिलं. या काळात एखाद्याने आपण काय करणार ते एका कागदावर लिहून काढलं असतं, तर अक्षर सुधारलं असतं.

मग आरक्षणाची सोडत निघाली. कुठे गट महिलांसाठी गेला आणि इतकी वर्षं भावी असलेला माणूस एका दुपारीत माजी भावी झाला. दुसऱ्या दिवशी त्याच फलकावर ‘सौ.’ आल्या. फोटो लहान, नाव मोठं. त्या नावात नवऱ्याचं नाव अधिक मोठं. हात जोडलेला मोठा फोटो अजून यजमानांचाच. वहिनींचं शिक्षण किती, त्या बोलतात कशा, गावातल्या बचत गटाचा हिशोब त्या ठेवायच्या की आणखी कुणी, काही सांगितलं जात नाही. जिल्हा परिषदेत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. निम्म्या उमेदवारांचा परिचय त्यांच्या यजमानांवरून करून घ्यायचा, ही सोय कायद्यात कुठल्या कलमाखाली आहे ते आम्हाला सापडलेलं नाही.

पक्षाचं विचाराल तर तेही शेवटच्या दिवशी कळतं. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो यावर उमेदवाराची विचारसरणी ठरते. फॉर्म भरायच्या शेवटच्या दुपारी तहसील कचेरीच्या आवारात माणसं मोबाईल कानाला लावून उभी असतात. तीन वाजेपर्यंत ज्याला ज्या पक्षाचा मिळाला, त्या पक्षाच्या तत्त्वांवर त्याची बालपणापासून निष्ठा असते. छापखानेवाल्याने दोन रंगांत पत्रकं तयार ठेवलेली असतात. त्याच्या धंद्याबद्दल आमची तक्रार नाही.

आता घरभेट. सकाळी आंघोळीच्या वेळेला वीस-बावीस मंडळी अंगणात येतात. पुढे तालुक्याचे नेते, मागे गावचे पुढारी, बाजूला फोटो काढणारा. नेते म्हणतात, “काय काका, तब्येत बरी हाय न्हवं? आपलाच माणूस हाय, लक्ष असू द्या.” आपला माणूस शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाजवळ, हात जोडून उभा असतो. त्याला काही विचारावं, तर उत्तर नेते देतात. एकदा मी नेट लावून विचारलं, “शाळेच्या दोन खोल्या गळत्यात, त्याचं काय?” नेते म्हणाले, “टेंभूचं पाणी आणलं का न्हाय आम्ही?” मंडळी पुढच्या घरी गेली. अंगणात पत्रक राहिलं. त्याच्या मागच्या बाजूला कॅलेंडर होतं, ते मात्र उपयोगाचं निघालं.

टेंभूबद्दल जरा बोललं पाहिजे. कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूहून टप्प्याटप्प्याने उचलून या दुष्काळी पट्ट्यात आणणारी ही योजना राज्य सरकारच्या कृष्णा खोरे विकास महामंडळाची. आटपाडीला समान पाणी मिळावं म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. तिचं श्रेय कुणाला हा वेगळा वाद आहे. पण जिल्हा परिषदेच्या सदस्याच्या हातात तिची एक झडपसुद्धा नाही. जिल्हा परिषदेकडे असतात ते 100 हेक्टरपर्यंतचे बंधारे आणि पाझर तलाव. त्याशिवाय प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना, अंगणवाडी, गावाकडचे रस्ते. म्हणजे आमच्या दिवसातला बराचसा भाग. यातलं एक अक्षर पत्रकात नसतं. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारासाठी नावाजलेल्या तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यातलं पद भरलेलं आहे की रिकामं, एवढं तरी उमेदवाराला ठाऊक असावं, ही अपेक्षा फार नाही.

सरकारला मात्र उमेदवाराबद्दल पुष्कळ काही जाणून घ्यायचं असतं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं नाही ना, हे ते विचारतं. घरी शौचालय आहे आणि वापरात आहे, याचा दाखला मागतं. राखीव जागा असेल तर जात पडताळणीचा कागद लागतो. सुप्रीम कोर्टाने 2002 आणि 2003 च्या निकालांत मतदाराचा जाणून घ्यायचा हक्क मानला, तेव्हापासून मालमत्ता, कर्ज, गुन्हे आणि शिक्षण यांचं शपथपत्र आलं. स्थानिक निवडणुकांतही ते द्यावं लागतं. संपूर्ण प्रचारात उमेदवाराची खरी ओळख करून देणारा हा एकच कागद. तो कुठे असतो? कचेरीच्या भिंतीवर, जाळीच्या पेटीत, एकावर एक टाचलेला. वरचं पान दिसतं, बाकीची पानं जाळीतून बोट घालून उलटता येत नाहीत. फलकावरच्या नेत्यांचे दात मोजता येतील एवढे फोटो, आणि शपथपत्रातला सातबारा वाचायला भिंग.

शाळेपुरती तरी गोष्ट वेगळी असेल असं वाटलं होतं. पूर्वी शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे असत. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि हे काम त्यांच्या शिक्षण समितीकडे गेलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने गावपातळीवर शाळा व्यवस्थापन समिती आणली: तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. इथे परिचयाची गरजच नाही, सगळे एकमेकांच्या बांधाला बांध. तरीही पालकसभेत गुरुजींनी नावं मागितली, की मागून आवाज येतो, “हा आबांकडचा, तो आण्णांकडचा.” पोरगं तिसरीत, पण बापाचा पक्ष ठरलेला. महिला सदस्यांसाठी रजिस्टर घरी पाठवतात. त्या भाकऱ्या थापता थापता पीठ झटकून सही करतात. समिती कायदेशीर होते. खोल्या गळतातच.

तसा लोकांच्या हातातला कारभार आम्हाला नवा नाही. आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानचा तालुका. 1939 मध्ये औंधच्या राजाने स्वतःहून आपली सत्ता लोकांच्या हाती दिली आणि पंचायतींवर कारभार उभा केला. गांधीजींचा त्याला सल्ला होता. त्याच संस्थानाने आटपाडीच्या माळावर स्वतंत्रपूर वसवलं, बिनभिंतीचा तुरुंग. माणसावर विश्वास टाकायची आम्हाला सवय आहे, ती अशी जुनी. फरक एवढाच, की स्वतंत्रपूरला जो कैदी आणतात त्याचा सगळा इतिहास तुरुंग खात्याने आधी वाचलेला असतो.

आमचं मागणं एका पानाचं आहे. नाव, स्वतःचं. शिक्षण, इयत्तेसह. पोटापाण्याचा धंदा. शपथपत्राचा गोषवारा. गटातल्या शाळा किती, त्यातल्या किती गळतात. आरोग्य केंद्रात डॉक्टर रात्री थांबतो का. पाच वर्षांत करायची तीन कामं, जी जिल्हा परिषदेच्या हातात आहेत. आणि नेता बाजूला सारून उमेदवाराने स्वतः बोलायची पाच मिनिटं. फोटो नसला तरी चालेल.

गाडी अंगणापुढे थांबली, की हात जोडण्याआधी हा कागद मागा. मतदान यंत्रावर नाव आणि चिन्ह एवढंच असतं. बाकीची चौकशी बटण दाबायच्या आधी करावी लागते.