त्रैराशिकाची बासुंदी

शाळेत मला गणितात चांगले मार्क पडत. ही माहिती कोणी न विचारता देण्याची मला सवय आहे. पुतणीला सातवीत पूर्णांक संख्या शिकवायला बसलो तेव्हा मी ती दिली, आठवीत ती शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसली तेव्हा पुन्हा दिली. आमच्या वेळी ही परीक्षा चौथी-सातवीला असायची, नंतर ती पाचवी-आठवीला नेली, म्हणजे आम्ही एक वर्ष आधीच हुशार व्हायचो, असंही वर ऐकवलं. पोरगी सोशीक आहे.

माझं मत असं, की खरं गणित म्हणजे पाचवी ते आठवीचं. त्याआधी नुसते पाढे, आणि त्यानंतर साइन-कॉस, ज्यांची आणि माझी दहावीनंतर गाठ पडलेली नाही. मधल्या वर्षांतलं मात्र सगळं तोंडपाठ आहे. कंचेभागुबेव, मसावि, लसावि, सरळव्याज, चक्रवाढव्याज, सूट आणि कमिशन. ऋण गुणिले ऋण धन हेही पाठ आहे, फक्त पटलेलं नाही. ब्रह्मगुप्तानं इ.स. 628 मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन आणि ऋण संख्यांचे नियम घालून दिले, त्यात हाही आहे. पण एका कर्जाला दुसऱ्या कर्जानं गुणून श्रीमंत झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्या सोसायटीचे खजिनदार वाटेवर आहेत, एवढंच.

या सगळ्यात माझं लाडकं म्हणजे त्रैराशिक. तीन गोष्टी माहीत असल्या की चौथी हात जोडून समोर उभी. आता पाठ्यपुस्तकात ते ‘समचलन’ आणि ‘व्यस्तचलन’ म्हणून येतं, पण माल तोच, भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत दिलेला. फळाला इच्छेनं गुणा, प्रमाणानं भागा, मोकळे व्हा. त्यांनी एक सूचनाही करून ठेवली आहे, की काही ठिकाणी त्रैराशिक उलटं लावावं लागतं, उदाहरणार्थ जनावराचं वय आणि किंमत, सोन्याचा कस आणि वजन. कोजागरीच्या दुधाबद्दल त्यांनी काही बजावल्याचं माझ्या वाचनात आलं नाही, आणि घोटाळा तिथंच झाला.

आमच्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर मसाला दूध असतं. इतकी वर्षं ते तळमजल्यावरच्या आजी करवून घेत. टोपात एकदा डोकावायचं, चमच्यावर थेंब घ्यायचा, ‘उतरवा’ म्हणायचं, ही त्यांची पद्धत. सभेत मी उठून म्हणालो, की ही पद्धत शास्त्रीय नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे उठून बोलणाऱ्यावरच काम पडतं, हे मी विसरलो होतो.

घरी चाचणी घेतली. चार लिटर दूध, 300 ग्रॅम साखर, मध्यम आच, एक तास. छान झालं. आता सोसायटीतली माणसं 80, दरडोई 125 मिलिलिटर, म्हणजे तयार दूध 10 लिटर हवं. आटणार म्हणून 12 लिटर घ्यायचं. चाराचे बारा झाले, सगळं तिप्पट करा! साखर 900 ग्रॅम. वेळ तीन तास. रात्री नऊला शेगडी पेटवायची, बाराला बंद करायची, आणि नेमका तेव्हाच चंद्र माथ्यावर. उत्तर इतकं चोख आलं, की मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला.

टोपही तिप्पटच हवा. घरच्या टोपाला पट्टी लावली. व्यास 20 सेंटिमीटर, उंची 16. भांडी भाड्यानं देणाऱ्याला फोनवर सांगितलं, व्यास 60, उंची 48.

“लग्न आहे का साहेब?”

“नाही. 80 माणसांचं दूध.”

“मग एवढा कशाला?”

“हिशोब केलेला आहे,” मी म्हणालो. तो गप्प झाला. गणितापुढे लोक गप्प होतात, हे मी फार वर्षांपासून पाहत आलो आहे.

बदाम सोलण्याच्या कामाला मी व्यस्तचलन लावलं. घरी आम्ही दोघांनी तासाभरात अर्धा किलो सोलले होते. म्हणून बारा स्वयंसेवक बोलावले, काम दहा मिनिटांचं. लागला सव्वा तास, आणि बदाम निम्मेच परत आले. पुस्तकातले मजूर भिंत बांधताना चहाला जात नाहीत, एकमेकांच्या सुनांबद्दल बोलत नाहीत, आणि मुख्य म्हणजे विटा खात नाहीत.

टोप आला. लिफ्टच्या दारात तो कड्यांसकट अडकला, तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात काहीतरी हललं. चार मजले जिन्यानं चढवला. त्यात 12 लिटर दूध ओतलं. सगळे भोवती वाकून पाहत राहिले. दूध तळाशी जेमतेम दोन बोटं होतं.

“गळतोय का?” सेक्रेटरींनी विचारलं.

पुतणी माझ्या कागदाकडे बघत होती. “काका, तुम्ही व्यास तिप्पट केला आणि उंचीपण?”

“अर्थात. तिप्पट म्हणजे तिप्पट.”

“पण त्रिज्येचा वर्ग असतो ना सूत्रात? तिनाचा वर्ग नऊ, त्याला उंचीचे तीन. सत्तावीस पट झालं. आपला टोप पाच लिटरचा, म्हणजे ह्यात 135 लिटर मावतं.”

“घनफळ तुमचं अजून व्हायचंय ना?”

“झालं की. तुम्हीच शिकवलंत.”

मी शेगडी पेटवायला सांगितलं. मग ती म्हणाली, “आणि तळ नऊपट झालाय काका. दूध पसरलंय, खाली भट्टीची शेगडी आहे. लवकर आटेल.” तिला म्हटलं, वेळ निघालेली आहे. तिप्पट दूध, तिप्पट वेळ. पुस्तकात असंच असतं. पुस्तकात आच बदलत नाही, भांडं बदलत नाही, वारा सुटत नाही. नळ हौद भरत असतात, आगगाड्या एकमेकींना ओलांडत असतात, आणि त्यांच्या वाटेत सेक्रेटरी येत नाहीत.

दहाच्या सुमारास आजी धापा टाकत वर आल्या, डोकावल्या, म्हणाल्या, “अरे, झालं. उतरवा.”

मी पिशवीतून कागद काढून दाखवला. आजींनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी त्या वेळी आदर समजलो.

साडेदहाला ढवळणाऱ्या पोरांनी पाळ्या बदलायला सुरुवात केली, कारण डाव जड जायला लागला होता. अकराला रंग बदामी झाला. सव्वाअकराला बूड लागल्याचा वास आला, तेव्हा मी आच कमी करा म्हणालो, पण बंद करा म्हणालो नाही. अजून पाऊण तास बाकी होता आणि उदाहरण अर्धवट सोडलं तर मार्क कापतात. बाराला चंद्र माथ्यावर आला आणि मी हात वर केला. टोपात एक बोट ऐवज उरला होता. मापलं तर पाच लिटर.

त्यात साखर 900 ग्रॅमच होती. साखर आटत नाही, हे मी हिशोबात धरलं नव्हतं. वेलदोडा, जायफळ, केशरही तीन-तीन पट. बदाम तेवढे कमी, त्यामुळे कुठं तरी तोल साधला असं मी बायकोला म्हणालो. तिनं उत्तर दिलं नाही. पाच लिटरला 80 नी भागलं की दरडोई 62 मिलिलिटर येतात, ते कागदी पेल्यात तळाशी बसतात आणि ओठापर्यंत यायला वेळ घेतात. लोकांनी पेले उलटे धरले, झटकले, शेवटी बोटं घातली.

आणि मग चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “वा! बासुंदी केलीत यंदा.”

झालं. पुढच्या सभेत खजिनदारांनी सांगितलं की दुधाच्या वर्गणीत बासुंदी मिळाली, म्हणजे हा नफाच. ठराव एकमतानं पास झाला, की पुढच्या कोजागरीला हीच बासुंदी, ह्याच माणसाच्या देखरेखीखाली, आणि शेजारच्या इमारतीलाही बोलवायचं. माणसं 120. आजींनी अनुमोदन दिलं, आणि ते देताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी घरी आलो आणि वही काढली. 80 चे 120, म्हणजे सगळं दीडपट. पुतणी मागे येऊन उभी राहिली.

“काका, टोप दीडपट सांगू नका.”

“का?”

“दीडचा घन तीन पूर्णांक तीन अष्टमांश. साडेचारशे लिटरचा टोप होईल. गच्चीच्या दारातून जाईल का?”

मी पट्टी घेऊन दार मोजायला वर गेलो.