पदमपूरचा थरार

कॉलेजातल्या पोरांना थरारकथा हवी असेल तर ती इंग्रजीतून आणावी लागते, असं म्हणणाऱ्यांनी एकदा गोंदिया जिल्ह्यात आमगावला उतरावं. पदमपूर तिथून जवळच. आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं, असं संस्कृत नाटककार भवभूती 'मालतीमाधव'च्या प्रस्तावनेत सांगतो. ते पद्मपूर म्हणजे हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. भवभूतीने आठव्या शतकात दहा अंकांचं हे जे नाटक लिहिलं, त्यात स्मशान आहे, नरबळी आहे, सुटलेला वाघ आहे, अपहरण आहे. आणि आपण मुलांना भवभूती म्हणजे करुण रस एवढंच शिकवतो!

खरा थरार मात्र नायिकेचा, मालतीचा बळी द्यायला निघालेल्या अघोरघंटाच्या तलवारीत नाही, तिच्या घरात आहे. तिचा बाप भूरिवसू आणि तिचा प्रियकर माधव याचा बाप देवरात हे एका गुरूकडे शिकलेले मित्र. मुलं झाली तर त्यांचं एकमेकांशी लग्न लावायचं, हा त्यांचा विद्यार्थिदशेतला शब्द. पुढे भूरिवसू मंत्री होतो आणि राजा आपल्या मर्जीतल्या नंदनासाठी मालतीला मागणी घालतो. भूरिवसू सांगतो, आपल्या मुलीवर महाराजांचाच अधिकार. राजाला वाटतं, होकार मिळाला. बापाच्या मनातला अर्थ निराळा, कारण मालती काही राजाची मुलगी नव्हे. पण हे मालतीला कोण सांगणार? तिच्या लेखी बापाने राजाच्या मर्जीसाठी आपल्याला देऊन टाकलं. तिला वाचवायचा डाव दोन्ही बापांची जुनी सहाध्यायी कामंदकी आतून रचते आहे, आणि जिच्यासाठी हे चाललंय तीच अंधारात. मुलांच्या भल्यासाठी म्हणून मोठी माणसं गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याने मुलं होरपळतात. आजच्या कुठल्याही सोळा वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मैत्रीचा ताणही तसाच अस्सल. मदयंतिका मालतीची मैत्रीण आणि नंदनाची बहीण. मालती वहिनी होणार म्हणून ती खूश, आणि तिचं स्वतःचं मन मात्र माधवच्या मित्रावर, मकरंदावर. कामंदकीच्या डावानुसार मालतीचा वेश घालून मकरंदच नंदनाशी लग्न लावतो. अपमान झालेल्या भावाची बाजू घेऊन मदयंतिका 'वहिनी'ला जाब विचारायला येते, तर पांघरुणाखाली तोच! भाऊ की प्रियकर, हे तिला त्याच रात्री ठरवावं लागतं.

आमगावात भवभूतीच्या नावाचं महाविद्यालय आहे, ही आनंदाची गोष्ट. पण त्या मुलांच्या हातात ही गोष्ट चटपटीत मराठीत, दोनशे पानांत, मदयंतिकेच्या तोंडून सांगितलेली का नसावी? प्रकाशकांनी पैसे लावावेत असं हे काम आहे. कवीने संस्कृतात आणि प्राकृतात लिहिलं, आपण झाडीबोलीत आणि पोवारीत संवाद लिहू. आणि झाडीपट्टी रंगभूमी तर दारातच आहे. धान निघाल्यावर तिथे रात्रभर नाटकं चालतात, मंडप भरतात. तिथल्या एखाद्या मंडळीने येत्या हंगामात हे नाटक घ्यावं, मालती-मदयंतिकेची कामं जिल्ह्यातल्याच मुलींना द्यावीत आणि स्मशानाचा पाचवा अंक बरोबर मध्यरात्री लावावा.