रोखठोक, उतरा बेलापूरला

आमच्या श्रीरामपुरात कुणी "रोखठोक सांगू का?" म्हणालं, की समोरच्यानं खुर्ची घट्ट धरावी. पुढं येतो तो अपमानच, फक्त आधी परवानगी घेऊन केलेला.

परवा नेहमीच्या फळवाल्याला विचारलं, "मामा, मोसंबी गोड आहेत का?"

"रोखठोक सांगू का, सर? आंबट आहेत. पण तुम्ही वहीतच मांडायला सांगणार. मग गोड काय अन् आंबट काय!"

त्या रात्री (मोसंबी खरंच आंबट निघाली) मी या शब्दाच्या मागं लागलो. रोख म्हणजे रोकडा पैसा. संस्कृत कोशांतही 'रोक' हा शब्द रोखीच्या खरेदीसाठी दिलेला आहे. 'ठोक' तर आपल्या मोंढ्यातला, ठोक भावातला. थोडक्यात, बोलणं उधारीचंही नाही आणि किरकोळीचंही नाही. मग ध्यानात आलं, आपले खरेपणाचे कितीतरी शब्द गल्ल्याजवळच घुटमळतात. सवाल रोकडा असतो. उत्तर खणखणीत असतं, कारण चांदीचा रुपया आपटून त्याचा आवाज ऐकायची पद्धत होती. माणूसही नाण्यासारखाच खोटा निघतो. अपवाद 'प्रांजळ'चा. संस्कृत 'प्राञ्जल', म्हणजे सरळ. त्याच्या खिशात दमडी नाही, म्हणून बिचारा कबुली देण्यापुरताच उरला.

'बोलण्याचा रोख' मात्र निराळ्या घरचा. तो फारसी 'रुख', म्हणजे चेहरा. मामांच्या बोलण्याचा रोख माझ्याकडं होता. रोख पैसे माझ्याकडं नव्हते.

एवढ्या रोखठोक गावाचं स्टेशन तेवढं आडवळणी. दौंड-मनमाड मार्गावर श्रीरामपूरला उतरायचं, तर तिकीट बेलापूरचं काढायचं. खरं बेलापूर प्रवरेकाठी, पाच-सहा किलोमीटर लांब. ही लाइन १८७८ची. श्रीरामपूर फोफावलं ते पुढच्या शतकात. तोवर पाटी रंगवून झाली होती.

गेल्या दिवाळीत मुंबईहून मेहुणे यायचे होते. पाल्हाळ नको म्हणून मी फोनवर एकच वाक्य बोललो, "दाजी, बेलापूरला उतरा, मी घ्यायला येतो."

दीड तासातच त्यांचा फोन. "उतरलो. हार्बरला आज गर्दीच नव्हती बघा. तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात?"

मी इतिहास सांगायला घेतला, पार १८७८पासून. पण त्यानंतर दाजी जे बोलले, ते सगळं रोखीत होतं. आणि ठोक भावात.